मागल्या दाराचे खिळे

१७ एप्रिल १९४८, शनिवार

ठोकलं! मागलं दार मीच ठोकलं. बोटभर लांबीचे खिळे, वरून बाभळीची आडवी फळी. आबा म्हणले, सुतार दोन दिवसांपासून येतो म्हणून राह्यला, येत न्हाई. मी म्हणलो, आणा हातोडा इकडं. सिकंदराबादच्या बोर्डिंगात राहून माझे हात लोण्याचे झाले असं दादाला वाटत होतं. एकच खिळा वाकडा गेला. तेवढ्यावरून तो जेवताना हसत बसला.

मागच्या हप्त्यात जवळच्या वाडीत रझाकार ओढ्यातून, घरांच्या मागल्या अंगानं शिरले. म्हणून ज्याच्या घराला मागलं दार त्यानं ते बंद करायचं, असं गावानं ठरवलं. आमचं घर गावाच्या कडेला, परसू ओलांडलं की ओढाच. त्यामुळं आमचं दार सगळ्यात आधी. आन आमच्या ओसरीवर आता दिवसरात माणसं — काठ्या, कुऱ्हाडी, रखमाजीकाकांची ठासणीची बंदूक. ती उडती का न्हाई कोणाला माहीत न्हाई, पण तिला मान लई.

मॅट्रिकचे पेपर झाले त्याच दिवशी सरांनी सांगितलं, जल्दी घरी जा, दिवस बरे न्हाईत. फिजिऑलॉजीचं पुस्तक मला बक्षीस दिलं. पास झालो तर मेडिकल! आबांना अजून सांगितलं न्हाई.

घरी सगळे बरे आहेत. द्वारकावैनीला सातवा महिना. मागलं पोरगं पोटातच गेल्तं, म्हणून आई तिला जड काही उचलू देत न्हाई.

१९ एप्रिल, सोमवार

आजचा दिवस फार भारी!

दादानं राजूरहून मटण आणलं. मी म्हणलो, गुर्दे मला पाह्यजेत. आई म्हणली, भाजून देऊ का रश्शात टाकू? मी म्हणलो, खायाला न्हाई, पाहायला. ती माझ्याकडं असं पाहत राह्यली जसं मला बोर्डिंगात कोणी काही खाऊ घातलंय.

पाटीवर ठेवून ब्लेडनं उभा चिरला. पुस्तकातल्या चित्रात असतो तसा, बराबर! वर गडद साल, आत त्रिकोणी त्रिकोणी भाग, त्यांची टोकं मधल्या पोकळीकडं. वास पण यायचा तोच आला. आईनं पदर नाकाला लावला आन ती पाटी आता घरात ठेवायची न्हाई म्हणली.

वैनी मात्र उठून जवळ आली. ही एवढीशी वस्तू काय करती म्हणून विचारलं. मी म्हणलो, वैनी, तुम्ही दसरा काढता ना? घटस्थापनेच्या आधी घरातलं सगळं अंगणात काढायचं — भांडी, गोधड्या, उतरंडी, सगळं. मंग त्यातलं कामाचं धुऊन परत आत. राह्यलेला कचरा उकिरड्यावर. किडनी, म्हणजे हा गुर्दा, हेच करती! रक्तातलं पाणी, मीठ, साखर, घाण, सगळं आधी बाहेर काढती. मंग एक एक निवडून परत आत नेती. पाणी तर बहुतेक सगळंच परत. आपण बाहेर टाकतो तो नुसता शेवटचा केर. आन हा दसरा वर्षातून एकदा न्हाई — घडीघडीला!

वैनी म्हणली, रोज दसरा काढायचा म्हणजे तिची सासू लई कडक असंल.

आई उखळापाशी होती. ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मंग वैनीनं फार चांगला प्रश्न विचारला. माणूस पाणी कमी पेला तर? मी म्हणलो, तर ती पाणी धरून ठेवती. मेंदूकडून निरोप येतो की बाई, जपून. मंग ती थेंबही वाया जाऊ देत न्हाई. फार हुशार आहे!

‘मंग बरंय,’ वैनी म्हणली. ‘धरून ठेवतंय म्हणजे फिकर न्हाई.’

मी म्हणलो, बिलकुल न्हाई. असा शिष्य मला आख्ख्या बोर्डिंगात मिळाला न्हाई.

२० एप्रिल, मंगळवार

पाटी सापडत न्हाई. आईनं ओढ्यात फेकली असणार.

२३ एप्रिल, शुक्रवार

स्वतःवर प्रयोग. औषधाच्या दोन रिकाम्या बाटल्या. काल दिवसभर पाणी तोडलं, उन्हात शेतातल्या आखाड्यावर गेलो, आन आज सकाळची लघवी पहिल्या बाटलीत — घट्ट पिवळी, सरकीच्या तेलासारखी. मंग तांब्यावर तांबे रिचवले. दुपारची दुसऱ्या बाटलीत. नुसतं पाणी! दोन्ही बाटल्या खिडकीत उन्हाला शेजारी शेजारी ठेवल्या. पुस्तक खरं बोलतं.

दादानं पहिली बाटली उचलून रखमाजीकाकांना दाखवली, म्हणला सिकंदराबादहून सरबत आणलंय. काकांनी टोपण उघडून वास घेतला. आता ते माझ्याशी बोलत न्हाईत.

२७ एप्रिल, मंगळवार

हसनाबादच्या रस्त्यावर काल परत रझाकारांची घोडी दिसली म्हणे. ओसरीवर माणसं वाढली. त्यांना चहा करून करून वैनीचे डोळे धुरानं लाल. न्हाणीचा दगड ओसरीच्या समोरच, तिथं माणसं तोंड धुतात, पान थुंकतात. आई आन वैनी आता मधल्या घरातच अंग धुतात, घंगाळात.

बायकांनी अंधारात ओढ्याकडं जाणं पण बंद केलं. आबांचा हुकूम. आता पहाटे एकदाच, गल्लीतल्या सगळ्या मिळून पुढच्या दारानं निघतात. दादा आन अजून एकजण काठी घेऊन बरोबर जातात, आन पाठ करून उभे राहतात. संध्याकाळचं जाणं न्हाई.

बराबरच आहे. जिवापेक्षा काय मोठं?

३० एप्रिल, शुक्रवार

वैनीला ताप. आईनं हळूच सांगितलं, उन्हाळी लागलीये तिला. थेंब थेंब होते आन आग होते. बाईमाणसाला होतच असतं म्हणली. धने-जिरे भिजवलेत, गोखरू उकळायला ठेवलाय.

आईचं चुकत न्हाई, पण हे तर माझ्या अभ्यासाचं काम! कारण साधं आहे: पाणी कमी पडलं. बाटल्यांचा प्रयोग तेच सांगतो. मी नवा डेरा धुऊन वैनीच्या खोलीत ठेवला. वर तांब्या. सांगितलं की दर तासाला एक तांब्या संपलाच पाह्यजे. मी दारातून हाक मारणार, तिनं उत्तर द्यायचं.

दिवसभर हाका मारल्या. दर वेळी आतून बराबर उत्तर — ‘पेले, भाऊजी.’

२ मे, रविवार

डेरा दोनदा भरला, दोनदा रिकामा. ताप उतरत न्हाई. मी आईला विचारलं, लघवी कशी होते? ती म्हणली थोडीच, आन लालसर. मी म्हणलो असं कसं? एवढं पाणी आत जातं आन बाहेर येत न्हाई? आई म्हणली, मला कामं हायेत, आन गोठ्याकडं गेली.

पुस्तक सगळं परत वाचलं. पाणी जातं कुठं??

४ मे, मंगळवार

सापडलं. कशाला सापडलं असं वाटून राह्यलं.

संध्याकाळी वैनी पलंगावर पाय सोडून बसली होती. पाय सुजलेले. बोट दाबलं की खळगा पडतो, भरायला वेळ लागतो. पुस्तकाच्या मागल्या प्रकरणात हेच लिहिलंय — किडनी थकली की पाणी अंगात साठत जातं. आधी पाय, मंग तोंड, मंग छाती. म्हणजे तो सगळा डेरा वैनीच्या अंगातच बसलाय! आन ओतत होतो मी.

आबांना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांना निम्मं समजलं असंल. म्हणले, तू शिकलेला, तुला बराबर वाटतं ते कर. आईला सांगितलं की आजपासून पाणी बंद. औषधापुरता घोट. किडनीला आराम द्यायचा.

मला वाटलं वैनी कुरकुर करील. पण तिनं एकदम हो म्हणलं. सुटल्यासारखं.

५ मे, बुधवार

ताप आहेच. ओठ फुटलेत. पायाची सूज तेवढीच.

६ मे, गुरुवार

वाईट दिवस. पहाटेपासून हुडहुडी. पलंग हलत होता एवढी. गोधड्यांवर गोधड्या टाकल्या तरी दात वाजतात. उजव्या कुशीला, फासळ्यांच्या खाली, हात लागू देत न्हाई. एकदा दादाला भलत्याच नावानं हाक मारली — तिच्या मेलेल्या भावाच्या. आईनं पोटाला हात लावला आन बराच वेळ काढला न्हाई. पोर हलतंय म्हणली. पण तिच्या तोंडावरचा रंग गेल्ता.

दादा म्हणला डॉक्टर पाह्यजे. आबा म्हणले, बाईला गाडीत घालून या रस्त्यानं न्यायचं न्हाई. आन डॉक्टरला आणायचं तर हसनाबादचे मिर्झासाहेब, ते तरी या दिवसांत आपल्या गावात पाय ठेवतील का? आन गाव त्यांना ठेवू देईल का? उद्या पाहू, सकाळपर्यंत उतरंल.

दादा आबांपुढं कधी तोंड उघडत न्हाई. आज उघडलं.

‘मागल्या टायमाला पण आपण सकाळचीच वाट पाह्यली होती, आबा.’

दादानं बैल जुंपले.

७ मे, शुक्रवार

नीट लिहितो.

मिर्झासाहेब आले! दादाची गाडी मागं, ते पुढं स्वतःच्या घोडीवर. पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले, पांढरी दाढी, खाकी अर्धी चड्डी, त्याच्यावर शेरवानी. ओसरीवरची माणसं उभी राह्यली, काठ्या हातात. रखमाजीकाकांनी विचारलं, डॉक्टरसाब, रस्त्यात कोण कोण भेटलं? ते म्हणले, ‘मरीज भेटे. सब तरफ के.’ आन सरळ आत.

वैनीच्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राह्यली, कापडाच्या चुणीसारखी. जीभ पाह्यली. पाठीवर फासळ्यांखाली हळूच मूठ टेकवली तर वैनीचा श्वास अडकला. मंग आईला विचारलं, पेशाब दिनमें कितने बार? आईनं पदर पुढं ओढला आन पहाटे एकदा म्हणली. डॉक्टर म्हणले, आन दिवसा? आई वैनीची गोधडी नीट करायला लागली.

मी मधी पडलो. माझा सगळा सिद्धांत सांगितला — डेरा, तांबे, सूज, थकलेली किडनी, म्हणून बंद केलेलं पाणी. त्यांनी मधी एकदाही अडवलं न्हाई. मंग म्हणले, पुस्तक दाखव. चष्मा लावून पानं उलटली.

‘किताब अच्छी है,’ म्हणले. ‘पढनेवाला जल्दी में है. बेटा, सातवें महीने में पाँव मेरी बीवी के भी सूजते थे. ये लडकी पानी से भरी नहीं. ये सूखी पडी है.’

पाणी कमी, म्हणून लघवी कमी, म्हणले. जी थोडी होती ती आतच तुंबून सडली. तिथून जंतू वर चढले आन गुर्द्यापर्यंत पोचले. आन त्यात मी तीन दिवस पाणी तोडलं.

त्यांनी सल्फाच्या गोळ्या दिल्या, पलटणीतल्या साठ्यातल्या. बरोबर खायाचा सोडा. आन मला दारात ओढून नेलं. मी त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहून ठेवतो. ‘ये गोली जंतू मारती है. लेकिन गुर्दे से होकर निकलती है. पानी कम हुआ तो वहीं जमेगी, काँच के चूरे जैसी, और गुर्दा बंद. हर गोली के साथ लोटा भर के पानी. उसके बीच में भी पानी. पेशाब खुल के आया तो दोनों जान बचेंगी. नहीं आया तो मुझे बुलाने मत आना, मैं कुछ नहीं कर सकूँगा.’

फी घेतली न्हाई. चहा घेतला, तो पण ओसरीवर सगळ्यांच्या मधी बसून.

त्याच दिवशी, दिवस मावळताना

गोळी घेतली. एका घोटाबरोबर! तांब्या तसाच भरलेला. दादानं हात जोडले. आईनं तोंडाशी धरला. वैनी भिंतीकडं तोंड फिरवते. मी म्हणलो, वैनी, ही गोळी पाण्याशिवाय विष आहे, तुमच्या गुर्द्यात खडे धरतील, पाक आटल्यावर धरतात तसे. पोटातल्या पोराचा तरी विचार करा.

मंग ती माझ्याकडं वळली.

‘भाऊजी, तुम्ही लई शिकलेले. एक सांगा. पाणी पेऊन जाऊ कुठं?’

मला समजलंच न्हाई. खरंच समजलं न्हाई! मी म्हणलो, जाऊ कुठं म्हणजे?

‘ओसरीवर आबा. आबांच्या मांडीला मांडी लावून आख्खं गाव. सुनेनं तांब्या घेऊन दिवसातून चारदा त्यांच्या पुढून जायचं? मागलं दार तुम्ही ठोकलं. मी पहाटेपस्तोर धरून ठेवते. तुम्हीच म्हणले होते ना, धरून ठेवतंय, फिकर न्हाई.’

आन डेरा? तो दोनदा रिकामा झाला होता! तर ते पाणी आई म्हशीला पाजत होती. वैनीनं सांगितलं आन आईनं ऐकलं. दोघींना माहीत होतं. घरातल्या सगळ्या बायकांना माहीत होतं. फक्त मला न्हाई, दादाला न्हाई, आबांना न्हाई.

किडनी धरती ते रक्तातलं पाणी. वैनी धरत होती ती गाळून टाकलेली घाण. पार वेगळ्या दोन गोष्टी. मी तिला अर्धंच सांगितलं होतं, कारण तेवढंच मला आवडलं होतं. उरलेलं अर्धं, पाणी शेवटी बाहेर कुठंतरी टाकावं लागतं, हे माझ्या डोक्यातच आलं न्हाई. मी तर कुठंही जाऊन उभा राहू शकतो.

८ मे, शनिवार

फटफटताच पहार घेतली. आडवी फळी निघाली तेव्हा एवढा आवाज झाला की ओसरीवरची माणसं कुऱ्हाडी घेऊन आत पळत आली. सगळ्यात पुढं आबा. रखमाजीकाका म्हणले, आबा, बघा, तुमचं पोरगं रझाकारांसाठी दार उघडून राह्यलं.

आबांनी पहार धरली. काय चाललंय म्हणले. मी म्हणलो, दार उघडतो आन परसात आडोशाला कापसाच्या पऱ्हाट्यांचा कुड घालून खड्डा खांदतो. बायकांसाठी. आबा म्हणले घरामागं घाण? देव्हाऱ्याच्या भिंतीला लागून? आपल्या घराण्यात असलं कधी झालं न्हाई. आन ओढ्यातून कोणी आलं तर? तू अडवशील?

हे सगळं मी त्यांना एकट्याला बाजूला घेऊन सांगू शकलो असतो. पण बाजूला जायला जागाच कुठं होती? आन दुसऱ्या गोळीची वेळ झाली होती. मंग मी सगळ्यांच्या देखत म्हणलो.

‘आबा, वैनी पाणी पेत न्हाई. कारण पेली तर तिला तुमच्या पुढून बाहेर जावं लागतं. आज ती पाणी न्हाई पेली तर मरंल.’

सुनेचं असलं काही सासऱ्यापुढं, आन ते पण गावाच्या देखत! दादानं मान खाली घातली. मला वाटलं आबा मारतील. मारलं असतं तरी मी सोडली नसती पहार.

आबा एकदम हळू बोलले. ‘माझ्यामुळं?’

मी म्हणलो, आपल्या सगळ्यांमुळं. दार मीच ठोकलं होतं.

त्यांनी पहार सोडली. मी उरलेले खिळे उपटून दार उघडलं तोवर ते ओसरीवर गेले, आपली बाज डोक्यावर घेतली, आन माझ्या पुढून परसात उतरले. परसाच्या पार पलीकडं, ओढ्याच्या काठाला नेऊन टाकली आन तिच्यावर बसले. तोंड ओढ्याकडं. पाठ घराकडं. तिथून ओरडले, ‘रखम्या, बंदूक इकडं आण. आन बाकीच्यांनी ओसरी मोकळी करा, पारावर जाऊन बसा.’

दादा कुदळ घेऊन आला. पऱ्हाट्या मी बांधल्या.

त्याच दिवशी, दुपार

तांब्याभर पेली. सगळा. माझ्यासमोर. अजून न्हाई.

संध्याकाळ

अजून दोन तांबे. आई तिला धरून कुडाच्या आत घेऊन गेली, परत आली. मान हलवली. न्हाई.

एवढं पाणी जाऊन न्हाई म्हणजे काय? खडे धरले का? कालची गोळी कोरडीच गेलीये. पुस्तक उघडायचा धीर होत न्हाई.

९ मे, रविवार

पहाटे झाली! थोडी. काळ्या चहासारखी. आईनं मातीच्या भांड्यात धरून मला आणून दाखवली. हीच आई जिनं माझी पाटी फेकली होती. आम्ही दोघं ते भांडं उजेडाला धरून बसलो.

ताप तसाच. गोळ्या चालू. पाणी चालू.

दुपारी परत. परत तसलीच, पण जास्त.

आबा बाजेवरून उठत न्हाईत. भाकर तिथंच मागवली. एकदाही वळून पाह्यलं न्हाई घराकडं.

१० मे, सोमवार

सकाळी — पिवळी.

दुपारी — फिक्की पिवळी! वैनी स्वतः चालत गेली. कुडातून बाहेर येऊन म्हणली, भाऊजी, तुमच्या खिडकीतल्या दुसऱ्या बाटलीसारखी. दादा हसायला लागला आन मधीच त्याला रडायला आलं. मंग गोठ्यात जाऊन म्हशीला उगीच शिव्या देत बसला.

हुडहुडी आली न्हाई.

१३ मे, गुरुवार

दोन दिवस ताप न्हाई. कुशीला हात लावू देते. पोर असं लाथा मारतंय की आई म्हणते दादावर गेलंय.

मी मिर्झासाहेबांना सांगायला हसनाबादला जाऊन आलो. एकटाच, वाकड्या वाटेनं. त्यांनी नुसतं विचारलं, पेशाब का रंग? सांगितलं. म्हणले, आता तू अर्धा डॉक्टर झाला. उरलेला अर्धा सावकाश हो.

गल्लीतल्या जयवंताबाई आज दुपारी आमच्या परसातल्या कुडात जाऊन आल्या. मंग त्यांची सून गेली. मंग अजून कोणी. आबा ओढ्याकडं तोंड करून विडी ओढत राह्यले. रात्री जेवताना एवढंच म्हणले की कुड बुटका झालाय, आन अजून एक खड्डा लागंल.

मेडिकलचं पण सांगून टाकलं त्यांना. ते म्हणले, मला वाटलंच होतं, बाटल्या पाहूनच वाटलं होतं.

फार हलकं वाटून राह्यलं. एक आजार होता, त्याचं कारण सापडलं, कारण काढलं, आजार गेला. सायन्स म्हणजे दुसरं काय?

१६ मे, रविवार

आई भाकरी थापता थापता म्हणली, त्या गोळ्या उरल्या का रे? मी म्हणलो, चार-पाच आहेत, पण वैनीला आता लागत न्हाईत. कोणाला पाह्यजेत?

तिनं भाकर तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला.

‘मला,’ म्हणली. ‘तसलीच आग तू व्हायच्या आधीपासून हाये.’